भाऊबंद दोन्ही ढिगांत

माझ्या नातीला गल्लीतले लोक डॉक्टरीणबाई म्हणतात. ती दवाखान्यातली डॉक्टर नाही आणि पीएचडीचीही नाही. लोकांना ते माहीत आहे, म्हणूनच म्हणतात. मी कुणाला दुरुस्त करत नाही. तीच करत नाही, तर मी कशाला करू.

ती माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते. माझी लेक किल्लारीच्या बाजूला दिली होती. मी निलंग्याला राहत होते. लेकीचं पहिलं मूल दीड वर्षाचं झालं तरी अंगावर पीत होतं, सोडायला तयार नव्हतं. म्हणून रीतीप्रमाणे पोरीला आजोळी आणून ठेवलं. आई नजरेआड झाली की काही दिवसांत मूल दूध विसरतं. पोर इकडे रडत होती आणि तिकडे भूकंप झाला. दगडमातीचं घर, वर मातीचं धाबं, सगळं खाली बसलं. लेक सापडली, मी बघितली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पोरीचं दूध मात्र सुटलं.

जावई वाचला, तो मळ्यात झोपायला गेला होता. वर्षाच्या आत त्याने दुसरी केली. त्याला एकट्याला नावं ठेवत नाही. त्या साली तिकडे ज्याची बायको गेली तो बायको बघत फिरत होता, आणि जिचा नवरा गेला तिला कुणी विचारत नव्हतं. एकदा तो पोरीला बघायला आला. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, "आईवरच गेली." तक्रार करावी तसं म्हणाला. चहा प्याला आणि गेला. पुन्हा आला नाही, मीही बोलावलं नाही.

माझे मालक आधीच गेले होते. दिराच्या ओसरीवर दोघींनी किती दिवस काढायचे, म्हणून पोरीला घेऊन मी लातूरला आले. तेव्हा शहरात क्लासेस उगवायला लागले होते. नांदेड, परभणी, कुठून कुठून आईबाप पोरं आणून सोडत आणि डोळे पुसत परत जात. पोरांना खायला तर लागतं. माझं शिक्षण चौथी, पण पंगतीचा स्वयंपाक मला येत होता. मी मेस काढली.

मेसमध्ये माझी एक पद्धत होती. क्लासवाले दर परीक्षेनंतर पोरांच्या बॅचा बदलत, वरची, मधली, खालची. वरच्या बॅचच्या आईबापांनी मला सांगितलं, आमच्या लेकरांना खालच्यांबरोबर बसवू नका, नाद लागतो. मी म्हटलं, बरं. वरची बॅच पंख्याखाली, पहिल्या पंगतीला, तव्यावरची पोळी. खालची बॅच भिंतीकडे, शेवटी, जे असेल ते. निकाल लागला की पोरं क्लासच्या फळ्यावर आपलं नाव बघत आणि इथं येऊन आपण होऊन जागा बदलत. मला तोंड उघडावं लागत नव्हतं. परळीकडचा एक मुलगा पंख्याखालून उठून भिंतीकडे गेला आणि ताटात आसवं गाळत जेवायला लागला. मी म्हटलं, "वरणात मीठ हाय रे, वरून कशाला घालतोस?" पोरं हसली. पुढच्या परीक्षेला तो पुन्हा पंख्याखाली आला, आणि त्याचा बाप येऊन माझ्या पाया पडला. दुसरा एक असाच खाली आला, तो ट्रंक घेऊन गावीच गेला. त्याचं पुढं काय झालं मी विचारलं नाही.

मावशीचं काळीज दगडाचं आहे असं पोरं म्हणत. म्हणोत बापडी.

नातही क्लासला जायची. पहिल्यापासून खालच्या बॅचला. घरची म्हणून तिला वेगळा नियम केला नाही. शेवटच्या पंगतीला बसायची, उरलं ते खायची आणि कामाच्या बायांबरोबर भांडी विसळायची. क्लासचं शिकवणं कसं होतं तेही सांगते, कारण पुढं त्याचंच सगळं झालं. क्लासवाले सगळीकडच्या प्रश्नपत्रिका गोळा करत. ह्या बोर्डाच्या, त्या बोर्डाच्या, जुन्या, नव्या. प्रश्न तोच, आकडा तेवढा बदललेला. सगळं एकत्र कालवायचं, त्यातूनच सराव घ्यायचा आणि त्यातूनच परीक्षा. मार्क पडायचे. त्यात काही वाईट आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. जे विचारणार तेच शिकवावं. नातीला ते उशिरा जमलं, आणि जमलं तेवढं मेडिकलला पुरलं नाही.

"आता काय करशील?" मी विचारलं.

"बीएस्सी."

"त्याला कोण विचारतं?"

"कुणी नाही. म्हणून जागा मिळती."

तिने ते केलं, मग एमएस्सी केलं, आणि मग नांदेडच्या एका कॉलेजात पीएचडीला लागली. तिथं मार्गदर्शक म्हणून जे सर मिळाले ते मोठे नावाजलेले होते. दर महिन्याला ती एसटीने घरी यायची, तोंड सुकलेलं, पिशवीत लॅपटॉप. गल्लीतल्या बाया विचारायच्या, पोरगी काय शिकती? मला सांगता यायचं नाही. एकदा तिला समोर बसवून विचारलं.

ती म्हणाली, "आजी, सोयाबीनच्या मुळाला बारक्या गाठी असतात ना? त्यात जिवाणू राहतात. जिवाणूच्या पोटात एक लांब दोरा असतो. त्याच्यावर हुकूम लिहिलेले. हे बनव, ते बनव. त्याला जनुक म्हणतात. मोठी जनुकं सापडतात, कारण कुठं सुरू झालं, कुठं संपलं, याची खूण असते. पण मधल्या मोकळ्या जागेत बारकी जनुकं असतात. ती स्वतः काही बनवत नाहीत. त्यांच्यापासून नुसती एक चिठ्ठी निघते, आरएनएची. ती जाऊन दुसऱ्या हुकमाला चिकटते आणि म्हणते, थांब. नाहीतर म्हणते, होऊ दे."

"आणि स्वतः काहीच करत नाही?"

"काहीच नाही. तू आता पोळ्या लाटतेस का?"

"न्हाई. गुडघे गेले."

"पण तू तिकडून खोकलीस की बाया तेलाचा हात आवरतात. तसलं जनुक."

बाया आत हसल्या. मी खोकले, तशा थांबल्या.

तर ही बारकी जनुकं शोधायची, आणि ती डोळ्यांनी दिसत नाहीत, खूणही नसते. म्हणून हे काम मशीनला शिकवायचं. मशीन म्हणजे काही वेगळं यंत्र नाही, तिच्या लॅपटॉपातच होतं. आधी कुणी शोधलेली बारकी जनुकं मशीनला दाखवायची, ही बघ, अशी असतात. जी नाहीत तीही दाखवायची. काही नमुने मात्र बाजूला झाकून ठेवायचे आणि शेवटी त्यावर परीक्षा घ्यायची. मशीन पास झालं की ते अख्ख्या दोऱ्यावर सोडायचं. ते सांगतं, इथं एक असेल, तिथं एक असेल. मग लॅबमध्ये जिवाणू वाढवून त्यातला आरएनए काढायचा आणि फिल्मवर काळी रेघ उठते का बघायची. रेघ उठली तर जनुक खरं.

अडचण एवढीच होती की शोधून ठेवलेले नमुने फार थोडे. सर म्हणाले, नमुने वाढव. नातीने वाढवले. या जिवाणूचे भाऊबंद भरपूर, कुणी हरभऱ्याच्या मुळात, कुणी तुरीच्या, कुणी परदेशातल्या कसल्या गवताच्या. एका जिवाणूत जे बारकं जनुक, तेच भावाच्या अंगात, दोन-चार अक्षरं इकडची तिकडं. तिने ते सगळे गोळा केले, एकत्र कालवले, आणि दोन ढीग केले, एक शिकवायला, एक परीक्षेला.

मशीन असं काही पास झालं की सर खुर्चीतून उठले म्हणे. त्यावर पेपर लिहिला, तो परदेशी मासिकात छापून आला. पहिलं नाव नातीचं, शेवटचं सरांचं.

त्याच सुमाराला सर कसल्याशा परीक्षेच्या कामासाठी लातूरला आले आणि मेसवर जेवले. मी पंख्याखाली बसवलं. भरलं वांगं केलं होतं, दोनदा मागून घेतलं.

"आजी, आता तुमची नात डॉक्टर झालीच समजा," ते म्हणाले. "प्रबंध बांधायला टाकायचा फक्त. आमच्या संस्थेत एक जागा पण निघते आहे."

"नोकरीची?"

"प्राध्यापकाची. माझ्या शब्दाबाहेर नाही ती."

नात ताट वाढत होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, "ऐकलंस का?" ती म्हणाली, "लॅबचं अजून राहिलंय, सर." सर म्हणाले, "ते होतं गं."

मी दुसऱ्या दिवशी पेढे आणले आणि गल्लीभर वाटले. कुणी थांबवलं नाही. समोरच्या बाईने पेढा खात विचारलं, आता आमचे गुडघे बघील का तुमची डॉक्टरीण? मी म्हटलं, तुमच्या गुडघ्यात जिवाणू झाले की बघील.

मग लॅबचं झालं. मशीनने सांगितलेल्या जागा एकेक करून तपासल्या, आणि फिल्म कोरी. पुन्हा केलं, कोरी. औषध बदललं, पाणी बदललं, कोरीच. नात घरी आली. लॅपटॉप घेऊन भिंतीला टेकून बसायची, पोरं जेवून गेली तरी उठायची नाही. आणि एके दिवशी दुपारी ओट्यापाशी आली.

"आजी, मी मशीनला क्लास लावला."

"म्हणजे?"

"जे शिकवलं तेच परीक्षेत विचारलं. एक भाऊ ह्या ढिगात, दुसरा त्या ढिगात. मशीनला जनुक कळलंच नाही. त्याने तोंडवळे पाठ केले. ओळखीचा दिसला की हो म्हणतं. अनोळखी जागी सोडलं की काहीही सांगतं."

"मग पास झालं ते?"

"पाठ करून झालं."

"झालं तर. डिग्री घेऊन टाक."

मी परातीत पीठ काढत होते, काढत राहिले. मला त्यात अवघड काही दिसत नव्हतं. सर खूश, पेपर छापलेला, जागा ठरलेली. जिवाणू काही येऊन साक्ष देणार नव्हते. तिच्या आईच्या वाट्याला जे आलं ते बघितलेल्या बाईला फिल्मवरच्या रेघेचं दुःख समजणं कठीण आहे, आणि समजून घ्यायची मला गरजही वाटली नाही. मला तिचं बूड एका ठिकाणी टेकलेलं बघायचं होतं.

ती म्हणाली, सरांना सांगते आणि पेपर मागं घेते. मी म्हटलं, चल, मीच येते नांदेडला. मी गेले ते तिचं डोकं ठिकाणावर आणायला. तिला वाटलं असेल पाठीशी उभं राहायला. तसं मी बोलले नव्हते.

सरांच्या खोलीत एसी होता. त्यांनी मला खुर्ची दिली.

"आजी, एवढ्या लांब कशाला त्रास घेतला? ते वांगं अजून आठवतंय."

"सर, पोरीचं डोकं फिरलंय. दोन समजुतीच्या गोष्टी सांगा."

नातीने उभ्याउभ्याच सांगितलं, भाऊबंद दोन्ही ढिगांत आहेत, मशीनने पाठ केलंय, लॅबमध्ये एकही रेघ नाही. सरांनी सगळं ऐकलं. आवाज चढवला नाही, उलट फार गोड बोलले.

"अगं, कुणाचाही पेपर उघडून बघ. थोडंफार असंच असतं. आणि पाठ करून पास व्हायला काय हरकत आहे? लातूरची ना तू? तू कशी पास झालीस?"

"मी नाही झाले, सर. म्हणून तर इथं आले."

मला हसू आलं, ते मी गिळलं.

"बरं, लॅबचं सोड," सर म्हणाले. "आपली लॅब गरीब आहे. 'पुढील संशोधनास वाव आहे' असं लिहून टाक. ते वाक्य त्यासाठीच असतं."

"सर, मी ढीग नव्याने करते. एक कूळ सगळं एकाच बाजूला. वर्ष लागेल. पण छापलेला पेपर मागं घ्यावा लागेल."

सरांनी घंटी दाबली. शिपाई आला. "दोन चहा," सर म्हणाले. मग नातीला म्हणाले, "त्या पेपरवर माझी बढती आहे. त्यावर नवा प्रकल्प आहे, त्यात दोन पोरांचा पगार आहे. तुला स्वच्छ वाटावं म्हणून मी त्यांना घरी बसवू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच होतं त्याचं."

शिपायाने दोन चहा आणले. एक सरांसमोर ठेवला, एक माझ्यासमोर. नात उभीच होती. मी चहा प्याले. चहा चांगला होता. कप ठेवून मी तिला म्हटलं, "पाया पड सरांच्या, आणि प्रबंध बांधायला टाक."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "सर, तुम्ही नाही लिहिलं तर संपादकांना मी लिहीन."

"लिही," सर म्हणाले. "जाताना कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेव. आणि मार्गदर्शक बदलायचा असेल तर बघ कोण घेतो ते."

तिने पर्समधून किल्ली काढून ठेवली. टेबल काचेचं होतं, आवाज झाला.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी म्हटलं, "तुझी माय असती तर थोबाडीत दिली असती."

"माय असती तर मी तुझ्यापाशी नसते," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. बाहेरून धूळ येत होती.

तिने संपादकांना लिहिलं. मार्गदर्शक कुणी घेतला नाही. कॉलेजातले जे दुसरे सर तिच्या भाषणाला बसून दाद देत होते ते फोन उचलेनात. एका बाईंनी उचलला आणि म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, पण मला इथंच निवृत्त व्हायचंय. तिची पीएचडीची मुदत संपली, नाव कटलं. तिचं सगळं काम सरांनी मागून आलेल्या एका मुलाला दिलं. त्याने त्यात आणखी थोडे भाऊबंद घातले, मशीन आणखी चांगलं पास झालं, तो डॉक्टर झाला आणि ती जागाही त्यालाच मिळाली. मासिकवाल्यांनी फार उशिराने एक बारकी सूचना छापली की ह्या पेपरच्या निष्कर्षांविषयी शंका आहे. ती वाचून कुणाची डिग्री परत गेली नाही.

ती पुस्तकांची खोकी घेऊन बसस्टँडवरून रिक्षाने आली तेव्हा समोरची बाई दारातच होती. "आल्या का डॉक्टरीणबाई?" तिने विचारलं. नात म्हणाली, "आले, काकू." तिथून ते नाव पडलं.

मी तिला बोलायचं बाकी ठेवलं नाही. जेवताना बोलले, कपडे वाळत घालताना बोलले. तुझ्यासाठी मी दिराची ओसरी सोडली, भांडी घासली, आणि तू चार अक्षरांच्या सोवळ्यासाठी जागा घालवलीस. ती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "तुझं बोलणं खोटं न्हाई, आजी. पण फिल्म कोरी होती." मी दुसरं काहीतरी काढून बोलले.

पोटासाठी तिने क्लासमध्ये शिकवायला धरलं. जीवशास्त्र, नापास होऊन पुन्हा बसणाऱ्या पोरांना. जिथं ती भिंतीकडे बसायची तिथं आता तिच्या वर्गाचीच पोरं बसून जेवायची. दुपारी मेस रिकामी झाली की ती लॅपटॉप काढायची. आपल्यात सोयरीक करताना कूळ, देवक बघतात, कोण कुणाच्या घरचं ते नीट विचारून घेतात, तशी ती त्या जिवाणूंची कुळं लावत बसली होती. एका कुळातले सगळे एका बाजूला. ज्या घरचा एकही शिकायला घेतला त्या घरचा कुणी परीक्षेला नाही. हे करायला तिला वर्ष लागणार होतं, त्याहून जास्त लागलं. कोण पगार देणार होतं, कोण वाट बघत होतं? कुणी नाही. तरी करायची.

झाल्यावर मी विचारलं, "आता मार्क किती?"

"पडले. खालच्या बॅचला गेलं मशीन."

"तुझ्यासारखंच झालं की."

ती हसली नाही. मलाही हसवायचं नव्हतं.

मशीनने ह्या वेळी जागाही थोड्याच सांगितल्या. पण तिच्याकडे लॅब नव्हती. तिने कुठं कुठं लिहिलं. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. एकाने उत्तर दिलं की आधी तुमच्या मार्गदर्शकांची परवानगी पाठवा. शेवटी हैदराबादच्या एका लॅबमधल्या बाईंनी फोन केला. हिंदीत बोलल्या, फटकळ बाई, मला आवाज आवडला. "मैं कोई मेहरबानी नहीं कर रही," त्या म्हणाल्या. "वही जर्म मेरे पास है, फिल्म भी पड़ी है। पर लिस्ट छोटी भेजना।" नातीने यादी आणखी छाटून पाठवली.

फोटो आला तेव्हा दिवसाची शेवटची पंगत बसली होती. ती वाढता वाढता थांबली, हातात आमटीचा डाव तसाच. मी म्हटलं, आमटी गळती. तिने मोबाइल माझ्यापुढं धरला. करडं काहीतरी होतं, सगळं मोकळं, आणि एका ठिकाणी फिकट आडवी रेघ. नखाने ओढल्यासारखी.

"एवढंच?"

"एवढंच."

"बाकीची?"

"कोरी."

"काय करतं हे?"

"अजून माहीत नाही. जिवाणूचं पोट भरलेलं असलं की दिसत नाही. उपाशी ठेवलं की उठतं."

"आता तरी डॉक्टर करतील का?"

तिने त्या बाईंना तेच विचारलं, तुमच्याकडे पीएचडीला घ्याल का. बाई म्हणाल्या, काम चांगलं आहे, पण माझ्या संस्थेत जुन्या मार्गदर्शकाचं पत्र लागतं, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. मी नातीला म्हटलं, जा, माग पत्र. एकदा उभी राहिलीस तशी आणखी एकदा राहा. ती गेली. सांगून ठेवते, ती गेली. सर खोलीतच होते. शिपाई म्हणाला, सर मीटिंगमध्ये आहेत. दार उघडं होतं, ती त्यांना दिसत होती आणि ते तिला दिसत होते. संध्याकाळच्या गाडीपर्यंत ती बाकावर बसली आणि परत आली. पत्राचं तिथंच संपलं, डिग्रीचंही.

एका रेघेवरही पेपर होतो म्हणे. बाईंनी त्यांच्या इतर कामाबरोबर ती रेघ घातली आणि नातीचं नाव मधे घातलं. मग विचारलं, तुझ्या नावाखाली संस्था कुठली लिहू? प्रत्येक नावाखाली संस्था लागते. हिच्याकडे संस्था नव्हती.

हे क्लासच्या मालकाला कसं कळलं कुणास ठाऊक. तो स्वतः मेसवर आला. "मॅडम, आपल्या क्लासचं नाव टाका. चौकात फलक लावू, तुमचा फोटो, खाली परदेशी मासिक. पालक वेडे होतील."

"हे काम क्लासचं नाही, सर."

"पगार कुणाचा खाता?"

"शिकवण्याचा खाते."

तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं, "मी एकदा सांगून बघितलंय. नांदेडपर्यंत जाऊन सांगितलंय. न्हाई ऐकत."

पुढच्या आठवड्यात त्याने तिच्याकडची त्यातल्या त्यात बरी बॅच काढून घेतली आणि सगळ्यांत खालची दिली, मागच्या पत्र्याच्या शेडमधली, भर दुपारची. पोरंही तशीच, आईबापांनी ढकललेली. ती शेडमध्ये शिकवायला लागली.

पेपर छापून आला त्या दिवशी तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि मला दाखवला. नावांची लांब रांग, मधे कुठंतरी तिचं. बाकीच्यांच्या नावाखाली मोठमोठ्या संस्था. हिच्या नावाखाली आमचा पत्ता. बसस्टँडच्या मागची गल्ली, लातूर. मी चष्मा लावून नीट बघितला. घर नंबर बरोबर होता.

"मेसचा फोन टाकला असतास तर चार पोरं तरी आली असती जेवायला," मी म्हटलं.

"फोन टाकू देत नाहीत."

"विचारलंस का?"

"नाही."

"तुझी ती यादी, मशीनवाली. संपली का?"

"नाही. बाईंना छोटी पाठवली होती. बाकीची माझ्याकडेच आहे."

"मग दुसऱ्या कुणाला लिही. न्हाई म्हणला तर तिसऱ्याला."

तिने लॅपटॉप मिटला. शेडमधल्या पोरांची वेळ झाली होती. मी बायांना आवाज दिला की तिचं ताट आधी वाढून ठेवा, ती येईपर्यंत पोळ्या उरत नाहीत.